पान एकशे त्रेचाळीस

झिरार्दूवच्या गिरणी-वाचनालयात मी एकतीस वर्षं
पुस्तकं दिली आणि परत घेतली.
मत कुणी विचारलं नाही, मीही दिलं नाही.
लाल विटांचं गाव. जवसाच्या सुताची कुसळं
खिडकीच्या फटीतून थेट कपाटापर्यंत;
शब्दकोश उघडला तरी शिंक यायची.

अपोलोनिया रुचाय आली ती मार्चातल्या एका गुरुवारी,
बुटांवरचा बर्फ दारातच आपटून.
तिची कादंबरी आम्हाला नववीला नेमलेली.
पहिल्याच पानावर फोटो: डोक्याला रुमाल, मागे धुराडी.
रुमाल तोच असावा. खालचे केस पांढरे,
आणि ओठाच्या कडेला जांभळा डाग,
नुकतंच बिटाचं सूप पिऊन आल्यासारखा.

तिनं स्वतःचंच पुस्तक मागितलं.
मी म्हटलं, बाई, तुमच्याकडे प्रत नाही?
म्हणाली, माझी दुरुस्त करून झाली.

चौथ्या दिवशी परत आणलं. मी पानं चाळली,
ते माझं कामच: अळी, डाग, विसरलेली पत्रं.
पान एकशे त्रेचाळीस. इथं फोरमन
मध्यरात्री माग मोडतो, जाणूनबुजून,
आणि पकडला जातो.
(वर्गात हे मी मोठ्यानं वाचलं होतं.
बाईंनी शाबासकी दिली होती.)
त्या ओळीशेजारी, समासात, बारीक जांभळं अक्षर:
नाही. माग जुना होता. हे मला माहीत होतं.

कोपी-पेन्सिल. जिभेवर ओली केली की तिची शाई होते.
खोडरबर मी घासून पाहिला;
कागद सोलला, अक्षर तसंच.
पुस्तकात लिहिल्यास दंड पाच झ्लॉटी.
मी लावला. तिनं सुट्टे मोजून दिले, पावती मागितली.
पाकीटभर पावत्या होत्या तिच्याकडे:
रादोम, पाबियानित्से, झ्गिएश,
एका खाणीचं वाचनालय, एका तुरुंगाचंही.
‘पन्नास हजार प्रती काढल्या होत्या सरकारनं,’ ती म्हणाली.
‘तेव्हा आकडा ऐकून मी नवा कोट शिवला.’

पुढं कळलं, विणकर बायकांच्या संपाची पत्रकं
तीच लिहीत होती, रात्री, कुणाच्या तरी तळघरात.
मग वरून यादी आली:
रुचाय, अपोलोनिया. सर्व पुस्तकं. लगदा.
तिला न्यायला आलेली गाडी मी पाहिली नाही.
पुस्तकं न्यायला आलेली पाहिली.
दुरुस्त, नादुरुस्त, सगळं एकाच पोत्यात जाणार होतं.
आमची प्रत मी शेतकी वार्षिकांच्या मागं सरकवली.
धैर्य वगैरे नव्हे. दंड भरलेला होता,
नोंद पूर्ण होती,
पूर्ण नोंदीचं पुस्तक फेकायचा हात होईना.

बऱ्याच वर्षांनी, यादी रद्द झाल्यावर,
एक बाई आली. हातांना ब्लीचचा वास.
कार्डावर नाव लिहिलं: योझेफाता बोंक.
पुस्तक तिनं सात आठवडे ठेवलं.
उशिराबद्दल मी तोंड उघडलं नाही, तिनंही नाही.

ती गेल्यावर पान काढलं.
जांभळ्या ओळीखाली, साध्या शिसपेन्सिलीनं,
इतकं हलकं की खोडरबराच्या नुसत्या फुंकरीनं जाईल:
एकोणीस महिने. मग क्षय.
आणि त्याखाली काहीतरी लिहून तिनंच पुसलेलं.
दिव्याखाली धरलं, तिरकं करून पाहिलं.
पहिलं अक्षर लागतं, पुढचं नाही.

निवृत्तीच्या दिवशी चाव्या दिल्या, पुस्तक दिलं नाही.
ते इथं आहे, ब्रेडच्या डब्याशेजारी.
त्या पानावर तिघींचं काही ना काही आहे:
एकीची छापलेली ओळ आणि तिचीच जांभळी,
दुसरीची शिसाची,
आणि माझा खोडरबर फिरला तिथं
कागद पातळ झालाय. उजेडात धरलं
तर पलीकडचं पान दिसतं.